परदेशी जाण्यापूर्वीचे दहा दिवस

आमच्या भागातील साखर कारखान्यांत काम शिकलेली माणसे पूर्व आफ्रिकेतील कारखान्यांत नोकरीला जातात, हे बेळगाव-चिकोडीकडच्या वाचकांस नव्याने सांगायला नको. माझा चुलतभाऊ असाच केनियाला निघाला. बी. एस्सी. झाल्यावर सात वर्षे कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढलेली, पगार तिप्पट, मग काय! आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, पेढे वाटले. एजंटाने तिकीट काढले. काकू चटण्या, मेतकूट आणि भडंग बांधायला बसल्या. घरात कॉमर्स शिकणारा मी एकटाच, म्हणून कागदपत्रांची फाईल माझ्याकडे आली. पासपोर्ट, परवाना, नेमणुकीचे पत्र, पदवीच्या प्रती, सर्व ओळीने लावून मी स्वतःवरच खूश होतो. निघायला आठ दिवस उरले असताना दादाच्या कारखान्यातील एका जुन्या मेस्त्रींनी विचारले, "पिवळं कार्ड झालं काय?"

ते झाले नव्हते. ते काय असते हेही आम्हाला ठाऊक नव्हते.

पिवळे कार्ड म्हणजे पीतज्वराची, अर्थात यलो फीव्हरची, लस टोचून घेतल्याचा आंतरराष्ट्रीय दाखला. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. शासनाने मान्य केलेल्या केंद्रांतच ती मिळते. बंदरे व विमानतळ यांची आरोग्य कार्यालये आणि काही मोठी रुग्णालये अशी ती केंद्रे असतात. तेथेही रोज टोचत नाहीत. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि पाणी मिसळून लस तयार केली की ती काही तासांत संपवावी लागते, म्हणून माणसे जमवून ठराविक वारी टोचतात. घाट उतरून गोव्याला जायचे ठरले. आम्हाला वार मिळाला तो विमानाच्या आधी चार दिवस.

चार दिवस म्हणजे पुष्कळ झाले, असे मला वाटले होते. पण दाखला लागू होतो तो टोचल्यानंतर दहा दिवसांनी. त्याच्या आधी तो कागदच आहे. हा नियम कोणा कारकुनाच्या डोक्यातून निघालेला नाही. लसीतून शरीरात रोगाशी लढणारी द्रव्ये तयार व्हायला तेवढा अवधी लागतो. बहुतेकांच्या शरीरात दहा दिवसांत पुरेशी शक्ती येते, जवळजवळ सर्वांच्या शरीरात तीस दिवसांत. बँकेत चेक भरला म्हणजे पैसे जमा झाले असे नसते, तो वटावा लागतो, तसेच हे. फरक इतकाच की येथे ज्यादा शुल्क भरून काम लवकर होत नाही.

तिकीट बदलावे लागले. त्याचा भुर्दंड बसला तो बसलाच, पण नेमणुकीच्या पत्रात अमुक तारखेस हजर न झाल्यास नेमणूक रद्द, अशी एक ओळ होती. ती मीच फाईलला लावताना वाचली होती. दोन दिवस घरात कोणी नीट जेवले नाही. शेवटी तिकडच्या साहेबांनी मुदत वाढवून दिली, म्हणून निभावले. एजंटाला जाब विचारला तर म्हणाला, "मी तिकिटाचा माणूस, डॉक्टर थोडाच आहे?" रागाच्या भरात ते पटले नाही, पण म्हणणे खोटे नव्हते.

आता ही सक्ती कोणाची? मला वाटले होते, केनियाची. चौकशी केली तेव्हा उलटेच निघाले. भारतात पीतज्वर नाही, म्हणून येथून सरळ जाणाऱ्याकडे केनियाचा नियम हा दाखला मागत नाही. सक्ती आपली आहे, परत येणाऱ्यासाठी. आणि जाणाऱ्याला पुढे अडचण नको म्हणून येथे विमानतळावरच कार्ड पाहतात. पीतज्वराच्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत दाखल्याविना भारतात उतरणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. सहाच का? तर डास चावल्यापासून रोग दिसू लागेपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस जातात.

आपला देश याबाबत इतका कडक का, याचे उत्तर आमच्या गल्लीतच आहे. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येक घरी पिंप आणि बॅरेल भरलेले असतात. त्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात एडिस इजिप्ती नावाचा पट्टेरी पायांचा डास वाढतो. आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा तो हाच, आणि आफ्रिकेतील शहरांत पीतज्वर पसरवणाराही हाच. म्हणजे बंदूक आपल्या घरी भरपूर आहे, फक्त गोळी आलेली नाही. ती एखाद्या प्रवाशाच्या रक्तातून येऊ नये एवढ्यासाठी हे कार्ड. पीतज्वराच्या विषाणूवर नेमके औषध आजही नाही. रोग्याला सांभाळायचे आणि वाट पाहायची.

हा रोग डासाने पसरतो असे कार्लोस फिनले या क्यूबातील डॉक्टराने १८८१ साली सांगितले होते. ते सिद्ध व्हायला १९०० साल उजाडले. वॉल्टर रीड यांच्या मंडळाने क्यूबातच ते प्रयोगाने दाखवले. मॅक्स थेलर यांनी १९३७ साली लस तयार केली आणि १९५१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दादाच्या दंडात गेली ती त्याच घराण्यातील लस.

टोचण्याआधी डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले. ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. म्हणून ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी झालेली आहे त्यांना ती देत नाहीत. लहान अर्भकांना देत नाहीत. गरोदर स्त्रिया आणि साठी उलटलेले यांच्याबाबत विचार करून ठरवतात. गेल्या महिन्यात दुसरी कोणती जिवंत लस घेतली आहे काय, हेही विचारले. अशा दोन लसी एकाच दिवशी किंवा मग चार आठवड्यांच्या अंतराने देतात. पुढचा प्रश्न होता, "अंडी खाल्ल्यावर अंगावर काही उठतं का?" लस कोंबडीच्या अंड्यात वाढवलेली असते, म्हणून. आमचे घर शाकाहारी आणि आप्पा शेजारीच उभे. दादा क्षणभर थांबला आणि हळूच म्हणाला, "नाही, काही उठत नाही." आप्पांनी त्या दिवशी विषय काढला नाही. नंतर काढला.

कार्ड हातात आल्यावर मी ते चेक तपासावा तसे तपासले, आणि ते योग्यच होते. नाव पासपोर्टप्रमाणे हवे. लसीचा बॅच क्रमांक हवा. तारखेतील महिना अक्षरांत लिहिलेला हवा, कारण काही देशांत आधी दिवस लिहितात तर काहींत आधी महिना. डॉक्टरांची हाताने केलेली सही हवी, नुसता शिक्का चालत नाही. खाडाखोड असेल किंवा एखादा रकाना रिकामा असेल तर दाखला बाद ठरू शकतो. पूर्वी तो दहा वर्षे चाले. ११ जुलै २०१६ पासून जन्मभर चालतो, त्या आधीच्या कार्डांनाही हेच लागू. तेव्हा घरात कोणाचे जुने कार्ड असेल तर टाकून देऊ नये.

अशी तारखांची अडचण एकट्या आफ्रिकेची नाही. माझ्या वर्गमित्राची नानी हजला गेली तेव्हा तिला मेंदूज्वराची लस सौदी अरेबियात पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागली. तेथे यात्रेकरूंची सोय एकत्र होते, म्हणून वेळेवर झाले. आमच्यासारख्या सुट्या माणसाला सांगणारे कोणी नसते.

आणि कार्ड झाले म्हणजे सर्व झाले, असेही नाही. कार्ड सरकारसाठी आवश्यक, पण दादाला खरा धोका होता हिवतापाचा. पश्चिम केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला तो फार आहे, आणि क्लोरोक्विन तेथे उपयोगी पडत नाही. केनियात २०१९ पासून लहान मुलांना हिवतापाची लस देऊ लागले, पण प्रवाशासाठी मच्छरदाणी आणि गोळ्याच. दादाला दिलेली गोळी जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावरही चार आठवडे घ्यायची होती. हे शेवटचे चार आठवडे माणसे विसरतात.

दादाही विसरला. गणपतीच्या रजेवर आला तेव्हा मुंबईला उतरताच कार्ड मागितले, ते त्याने ऐटीत दाखवले. गोळ्या मात्र विमानात बसतानाच बंद केलेल्या. बाराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढला. पावसाळा, गल्लीत चारजणांना ताप, म्हणून डॉक्टरांनी साधा ताप समजून औषध दिले. आफ्रिकेचे नाव त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. दुसऱ्या रात्री तो बरळू लागला तेव्हा आप्पांना सुचले. रक्त तपासले, फॅल्सिपेरम जातीचा हिवताप निघाला. हा काही दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. चार दिवस सलाईनवर काढून तो घरी आला. जाताना डॉक्टर मला म्हणाले, "कागदपत्रं तू बघतोस ना? मग एवढं लक्षात ठेव, तिकडून आलेल्याला ताप आला तर आधी गावाचं नाव सांगायचं, मग तापाचं."

दादा परत गेला तेव्हा काकूंनी भडंगाच्या डब्यात गोळ्यांची पाकिटे सर्वांत वर ठेवली होती.