सायकल दुरुस्तीचा स्टँड

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की हिंगोली जिल्ह्यातील काळ्या मातीचे रूप पालटते. उन्हाळ्यात भेगाळलेली ती जमीन पाणी पिऊन फुगते आणि मेणासारखी चिकट होते. अशा पाणंदीतून सायकल नेली, तर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाचा थर साचतो व थोड्याच वेळात चाक फिरेनासे होते. चिखल वाळल्यावरही त्याचे बारीक कण साखळीत राहतात आणि साखळीबरोबर दातेही झिजवितात.

या जिल्ह्यातील कित्येक मुलामुलींना माध्यमिक शाळेसाठी दुसऱ्या गावी जावे लागते. मानव विकास कार्यक्रमातून इयत्ता ८ वी ते १२ वीच्या मुलींना सायकली दिल्या जातात, त्या याचसाठी. परंतु सायकल बिघडली आणि दुरुस्तीचे दुकान बाजाराच्या गावी असले, म्हणजे मुलीची शाळा तेवढे दिवस बुडते. साखळीला तेल देणे, ब्रेक आवळणे, चाकाचा आऊट काढणे ही कामे घरी होण्याजोगी आहेत. अडचण एवढीच, की सायकल दोन चाकांवर आपली आपण उभी राहत नाही, आणि भिंतीला टेकवून ठेविली तर तिचे चाक फिरविता येत नाही.

बहुतेक घरांत यावर एकच उपाय माहीत असतो. सायकल उलटी करावयाची आणि हॅन्डल व सीट यांवर उभी करावयाची. पंक्चर पाहण्यापुरते हे ठीक आहे. किंबहुना पंक्चरासाठी तेवढेही करावे लागत नाही, कारण टायरची एक कड उचकटून ट्यूब बाहेर काढता येते. उलट्या सायकलीत मात्र घंटी दबते, सीटचे कातडे फाटते, ब्रेकच्या दांड्या वाकतात आणि सर्व भाग उलटे दिसत असल्याने उजवे-डावे यांचा घोटाळा होतो. उलटे करावयाचेच असेल, तर खाली गोणपाटाची जाड घडी घालावी.

दुसरा उपाय दोरीचा. आढ्याला किंवा लिंबाच्या फांदीला दोन दोऱ्या बांधून एक सीटखाली व एक हॅन्डलला अडकविली, की सायकल अधांतरी लटकते. खर्च काही नाही. पण अशी सायकल झोपाळ्यासारखी हलते; पाना लावून जोर केला की ती दूर सरकते आणि सारा जोर वाया जातो. जुनी दोरी तुटली तर वीस किलोच्या आसपास वजन अंगावर येते, आणि खेळणारी लहान भावंडे जवळच असतात. वाळलेल्या फांदीला सायकल टांगणे तर सर्वथा वर्ज्य होय.

स्टँड विकत घेण्यापूर्वी आपल्या सायकलीकडेच नीट पाहावे. मागील चाकाला दुहेरी स्टँड असेल, तर तो लावताच चाक जमिनीपासून वर उचलले जाते. साखळी, मागचा ब्रेक आणि मागच्या चाकाचे आरे यांचे काम त्यावर होते. निराळ्या स्टँडची गरज पडत नाही. एका बाजूचा स्टँड असेल तर मात्र चाक जमिनीलाच टेकलेले राहते.

दुकानात उभे राहून काम करण्याचा जो उंच स्टँड दिसतो, त्याचा जन्म पाठदुखीतून झाला, असे म्हणावयास हरकत नाही. अमेरिकेतील सेंट पॉल या शहरी हॉवर्ड हॉकिन्स व आर्ट एंगस्ट्रॉम हे दोघे सायकलींचे दुकान चालवीत. जमिनीवर वाकून आणि गुडघे टेकून काम करण्याचा त्यांना कंटाळा आला. त्यांनी १९६३ साली मोडीतील वस्तू जोडून आपला पहिला स्टँड उभा केला. पुढे अशी अवजारे बनविणे हाच त्यांचा मुख्य धंदा झाला.

या स्टँडचे भाग तीन: पाय, खांब आणि सायकल पकडणारा जबडा. यांपैकी पायांकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि स्टँड कोसळतो तो बहुधा पायांमुळेच. सायकल खांबाच्या एका बाजूला लटकत असते. म्हणून तिचा सारा भार त्याच बाजूला ओढतो. ज्या जागेवर पाय टेकलेले आहेत त्या जागेच्या आत हा भार पडला, तरच स्टँड उभा राहतो. बाहेर गेला की तो कलंडतो. याकरिता एक पाय नेमका सायकलीखाली यावा व तो लांब असावा. तीन पायांचा स्टँड खडबडीत अंगणातही डुगडुगत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र पावसाळ्यात काळ्या मातीत त्याचे पाय रुततात. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवावा.

जबड्याला आतून रबर असावे. त्यात सीटचा दांडा पकडावा. सांगाड्याची नळी पकडू नये, कारण पातळ नळी आवळल्याने चेपते. मुलींच्या सायकलीला आडवी दांडी नसते, तेव्हा तिच्या बाबतीत सीटचा दांडा हीच योग्य जागा. तो पुरेसा बाहेर नसेल तर पूर्वीच्या उंचीची खूण करून थोडा वर ओढावा, पण त्याचा पुरेसा भाग नळीच्या आत राहू द्यावा. स्टँड किती किलो वजन पेलतो हे लिहिलेले असते. साधी काळी सायकल बरीच जड असते, त्यामुळे हलक्या सायकलींसाठी केलेला नाजूक स्टँड स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. खांबाची उंची कमीजास्त करता आली, तर बारा वर्षांची मुलगी आणि तिचे वडील या दोघांनाही न वाकता काम करता येते.

एक काम मात्र कोणत्याही स्टँडवर करू नये. पायडलचा दांडा अडकवून ठेवणारी कॉटर पिन हातोड्याने ठोकून काढावी लागते. तो घाव जबड्यावर व छर्ऱ्यांवर बसतो. अशा वेळी सायकल खाली उतरवावी आणि दांड्याखाली लोखंडी नळीचा भक्कम टेकू देऊन मगच घाव घालावा.

विकतचा स्टँड एका घराला महाग वाटतो. पण तालुक्याच्या गावी वखराची दुरुस्ती करणारा वेल्डिंगवाला जाड पाइपाचा स्टँड तयार करून देऊ शकतो. जबड्यात जुन्या टायरचे तुकडे बसविले की झाले. पाच-सहा घरांनी मिळून असा एक करून घेतला आणि तो शाळेच्या वाटेवरील एखाद्या ओसरीत ठेविला, तर रविवारी सकाळी गल्लीतील साऱ्या सायकली तेथे आळीपाळीने धुऊन, तेल घालून तयार होतात.