पिन एक, वेग अनेक : नव्या यूएसबी केबलची ओळख



गेल्या स्नेहसंमेलनाचे चित्रण एका पालकांना आपल्या एसएसडी डिस्कवर हवे होते. चित्रण सुमारे ६० जीबीचे. संगणक नवा, डिस्कही नवी. आम्ही हाताशी असलेली मोबाइल चार्जरची केबल लावली, कारण पिन अगदी तीच होती. अर्धा तास होत आला तरी काम संपेना. गाडीची वेळ झाली आणि ते अर्धेच चित्रण घेऊन स्टेशनकडे धावले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या तशाच डिस्कला तिच्यासोबत आलेली केबल लावून पाहिली, तर तेच काम तीन मिनिटांच्या आत झाले! दोष संगणकाचा नव्हता, डिस्कचाही नव्हता; आमच्या अपुऱ्या माहितीचा होता. आता संगणक कक्षाची नवी खरेदी विश्वस्त मंडळापुढे आहे, म्हणून ही माहिती सर्वांसमोर ठेवत आहोत.

यूएसबी हे मानक १९९६ साली आले. इंटेल कंपनीत ते घडविणाऱ्यांत अजय भट्ट हे भारतीय अभियंते प्रमुख होते. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. त्यापूर्वी माऊस, कीबोर्ड, प्रिंटर यांच्या पिना निरनिराळ्या असत. हे सारे एकाच प्रकारच्या जोडणीने व्हावे, हा मूळ विचार. पण पुढे तिच्यातही चौकोनी, मिनी, मायक्रो असे प्रकार झाले. २०१४ साली टाइप-सी आली. तिच्यात २४ संपर्कबिंदू असतात आणि ती उलटसुलट कशीही बसते. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना ती सक्तीची केली. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही टाइप-सीचे मानक प्रसिद्ध केले आहे.

मग घोटाळा कुठे होतो? आपल्या रेल्वेचेच उदाहरण घेऊ. निजामाच्या काळात बासरवरून जाणारा लोहमार्ग मीटर गेजचा होता. मुंबईला जायचे तर मनमाडला उतरून, सामान उचलून ब्रॉडगेजच्या गाडीत बसावे लागे. आज रूळ सारखे झाले, मनमाडची ती उतरचढ संपली. पण रूळ सारखे झाले म्हणून प्रत्येक गाडी एक्सप्रेस होत नाही. त्याच रुळांवरून पॅसेंजरही धावते. टाइप-सी म्हणजे सारखे झालेले रूळ. गाडी कोणती, हे पिनेच्या आकारावरून कळत नाही.

वेग सेकंदाला किती बिट जातात यावर मोजतात. २००० सालच्या यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट होता. २००८ साली यूएसबी ३.० मुळे तो ५ गिगाबिट झाला, पुढे १० आणि २० झाला. २०१९ च्या यूएसबी४ ने ४० गिगाबिट गाठले आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीने ८०. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्या हिशेबाने ६० जीबी म्हणजे ४८० गिगाबिट. कागदावर यूएसबी २.० ला १००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटे लागतात. १० गिगाबिटला ४८ सेकंद आणि ४० गिगाबिटला फक्त १२! प्रत्यक्षात वेळ याहून जास्त लागतो, पण फरक लक्षात यावा.

चार्जिंगच्या साध्या केबलमध्ये माहिती नेणारी तारांची एकच जोडी असते. वेगवान केबलमध्ये अशा आणखी जोड्या, प्रत्येकीला वेगळे आवरण आणि केबलची क्षमता सांगणारी छोटी चिप असते. म्हणून ती जाड आणि महाग असते. लांबी वाढली की संदेश क्षीण होतो, म्हणून ४० गिगाबिटची साधी केबल मीटरभरापेक्षा कमी लांबीची असते. विजेचेही तसेच. टाइप-सीच्या केबली ६० वॅट किंवा २४० वॅटच्या असतात. २४० वॅट ही मर्यादा २०२१ साली ठरली. मोबाइलला ६० पुरतात. मोठ्या लॅपटॉपला कमी पडू शकतात.

खरेदीच्या वेळी इतके पाहावे :

१. केबलवर किंवा वेष्टनावर वेग आणि वॅट दोन्ही छापलेले आहेत का? केवळ 'टाइप-सी' किंवा 'फास्ट' या शब्दांवर जाऊ नये.

२. संगणकाचे पोर्ट, केबल आणि उपकरण या तिघांत जो सर्वांत मंद, त्याच्याच वेगाने काम होते. जुन्या पोर्टला महाग केबल लावून पैसे वाया जातात.

३. मोबाइल चार्जिंगला स्वस्त पण चांगल्या दर्जाची केबल पुरते. वेगवान केबल डिस्क आणि मॉनिटरसाठी ठेवावी.

४. घरी आणलेल्या प्रत्येक केबलला चिठ्ठी बांधून वेग लिहून ठेवावा. हे काम मुलांनी करावे.

शाळेसाठी सर्वच केबली ४० गिगाबिटच्या घेण्याची गरज नाही. डिस्कच्या कामाला १० गिगाबिटच्या थोड्या केबली आणि बाकी साध्या, एवढ्याने भागेल, असे आमचे मत विश्वस्त मंडळाला नम्रपणे कळवीत आहोत.

आपल्या बासरला दूरदूरहून लोक मुलांच्या अक्षराभ्यासासाठी सरस्वतीच्या चरणी येतात. अशा गावच्या शाळेने केबलवर छापलेली दोन अक्षरे न वाचता ती जोडावी, हे काही शोभत नाही. यापुढे आम्ही आधी वाचू, मग जोडू. आपणही तसेच करावे, ही विनंती.