कानाचे मशीन कपाटात नको, कानात हवे!

मुलाला कमी ऐकू येते हे कळल्यावर आईबाप रजा टाकून दवाखान्याच्या चकरा मारतात, उसनेपासने करतात आणि कानाचे मशीन मिळवतात. पण महिन्याभराने त्याच घरी गेले तर मशीन कपाटात दिसते. "पोरगं घालतच नाही, रडतं," असे आई सांगते. वस्तीत काम करताना आम्ही हे अनेक घरांत पाहिले आहे.

मूल रडते ते हट्टाने नव्हे. चष्मा लावला की स्वच्छ दिसते, तसे मशीनचे नसते. ते आईचे बोलणे मोठे करते, तसाच भांड्यांचा आवाज, कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरचे भोंगेही मोठे करते. शांततेत वाढलेल्या जिवाला हा गोंगाट एकदम कसा सोसेल?

म्हणून सवय हळूहळू लावावी. दहा बाय दहाच्या खोलीत शांतता कुठली, असे कुणी म्हणेल. पण दुपारी सगळे कामावर गेले की टीव्ही बंद करून अर्धा तास काढता येतो. त्या वेळात मुलाला मांडीवर घ्यावे, समोर तोंड करून गोष्ट सांगावी. "दार वाजलं बघ", "कावळा ओरडला" असे आवाज ओळखून द्यावेत. मग रोज वेळ वाढवत न्यावी. झोप आणि अंघोळ सोडून दिवसभर मशीन कानात, हे आपले ध्येय. मारून-धमकावून मात्र घालू नये.

मशीन सारखे शिट्टी मारत असेल तर बहुधा कानातला साचा, म्हणजे मोल्ड, सैल झालेला असतो. मूल वाढते तसा कानही वाढतो, म्हणून लहान मुलांचा मोल्ड वरचेवर बदलावा लागतो. कान लाल झाला, दुखला किंवा वाहू लागला तर मशीन काढून डॉक्टरांना दाखवावे. सेल रोज सकाळी तपासावा. बटणासारखा हा सेल मुलाने गिळल्यास जिवाला धोका असतो. क्षणही न दवडता इस्पितळ गाठावे. पावसाळ्यात रात्री मशीन ओल शोषणाऱ्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे.

शाळेत बाईंना भेटून मुलाला पहिल्या बाकावर बसवायला सांगावे. फळ्याकडे तोंड करून बोललेले या मुलांना नीट समजत नाही, हेही सांगावे.

खर्चाची चिंता असेल तर केंद्र सरकारची 'एडिप' योजना 1981 पासून आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिच्यातून श्रवणयंत्र मिळते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तेथे कानाची तपासणी होते, बोलण्याचे शिक्षणही मिळते. जाताना उत्पन्नाचा दाखला व अपंगत्वाचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे.

काही पालक लग्नकार्यात नेताना मशीन काढून ठेवतात. लोक काय म्हणतील, ही भीती! पण मूल भाषा शिकते ती पहिल्या काही वर्षांत, आणि ती ऐकूनच शिकते. मशीनविना गेलेला दिवस म्हणजे न ऐकलेल्या शेकडो शब्दांचा दिवस. मुलीच्या कानावर केस ओढू नका. आईबाप लाजले की लेकरूही लाजायला शिकते. कुणी विचारले तर सरळ सांगा, "हिला याने ऐकू येतं."