फळ नको म्हणणाऱ्याचे ताट

घरात कुणी आजारी पडले की भेटीला येणारा सफरचंदे घेऊन येतो. थळहून अलिबागच्या बाजारात जायचे, मजुरीतला चांगला वाटा मोजायचा आणि चार सफरचंदे पिशवीत टाकायची, असा आपला रिवाज. पण पुष्कळ मुलांना आणि मोठ्यांनाही फळ नको वाटते. कुणाला गोड चालत नाही, कुणाला केळ्याचा गिळगिळीतपणा सहन होत नाही. मग आई धास्तावते. पोराला शक्ती कुठून येणार, म्हणून टॉनिकची बाटली आणते.

भगिनींनो, आधी एक गोष्ट समजून घेऊ. फळातून शरीराला मुख्यतः 'क' जीवनसत्त्व, 'अ' जीवनसत्त्व तयार करणारे कॅरोटीन, पोटॅशियमसारखे क्षार आणि पोट साफ ठेवणारा चोथा मिळतो. यातले काहीही फक्त फळातच असते असे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिवसाचा जो नमुना आहार सांगितला, त्यात भाज्या ४०० ग्रॅम आणि फळे १०० ग्रॅम आहेत. म्हणजे मोठा भार भाजीवरच आहे.

आता सफरचंदाची किंमत आणि गुण ताडून पाहा. १०० ग्रॅम सफरचंदात 'क' जीवनसत्त्व जेमतेम ५ मिलिग्रॅम. संत्र्यात ४० च्या पुढे आणि साध्या पेरूत २०० च्या वर. पुरुषाला दिवसाला सुमारे ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागते. फळ नकोच असेल तर शेवग्याचा कोवळा पाला आहे. १०० ग्रॅम कच्च्या पाल्यात ते १०० मिलिग्रॅमहून अधिक असते. ढोबळी मिरची, फ्लॉवर, कोबी, कारले, कोथिंबीर यांतही ते भरपूर आहे.

मात्र हे जीवनसत्त्व नाजूक आहे. ते पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नष्ट होते. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी. थोड्या पाण्यात, झाकण ठेवून लवकर शिजवावी. शिजवलेले पाणी फेकू नये, आमटीत घालावे. हिरवा रंग राहावा म्हणून सोडा टाकू नये. रोजच्या जेवणात काहीतरी कच्चे असावे. कोबीची कोशिंबीर, टोमॅटो किंवा आपल्या अलिबागचा पांढरा कांदा चालेल. वर लिंबू पिळावे.

आपल्या भागातले वालाचे बिरडे आठवा. कोरड्या कडधान्यात 'क' जीवनसत्त्व जवळजवळ नसते, मोड आले की ते तयार होते. वाल मात्र कच्चे खाऊ नयेत, नीट शिजवूनच खावेत. शिजवताना काही भाग जातो हे खरे, पण प्रथिने आणि चोथा राहतोच. मुगाला मोड आणून हलकी वाफ द्यावी आणि लिंबू पिळावे.

लिंबाचे आणखी एक काम आहे. पालेभाजीतले आणि डाळीतले लोह 'क' जीवनसत्त्वामुळे अंगी लागते. देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात ५७ जणींना रक्तक्षय आढळला. तेव्हा फळाचा प्रश्न केवळ मुलांच्या हट्टाचा नाही, भाकरी थापणाऱ्या बाईच्या रक्ताचाही आहे. जेवणाबरोबर लिंबू घ्यावे. जेवल्याबरोबर चहा मात्र टाळावा, तो लोह शोषू देत नाही.

कोळीवाड्यातून येणारी सुकट आणि जवळा यांतून प्रथिने व कॅल्शियम मिळते, पण 'क' जीवनसत्त्वाची उणीव त्याने भरत नाही. म्हणून सुकटीबरोबर माठाची किंवा शेवग्याची भाजी हवीच. कॅरोटीनसाठी लाल भोपळा, गाजर, पालेभाजी घ्यावी आणि ती थोड्या तेलात करावी, कारण ते तेलाबरोबरच अंगी लागते. चोथ्यासाठी नाचणीची भाकरी, सालासकट डाळी, गवार, भेंडी. पोटॅशियम डाळीतून, बटाट्यातून आणि पालेभाजीतून येते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी याबाबत डॉक्टरांना विचारूनच खावे.

फळ सोडून द्या, असे येथे सुचवायचे नाही. गोड नको असेल तर कैरी आमटीत घालावी, आवळ्याचे लोणचे करावे, पेरूला मीठ-तिखट लावून द्यावे. जबरदस्ती मात्र करू नये, तिने मुलाचे मन आणखी उठते. फळ खाल्ल्यावर तोंडाला खाज येत असेल किंवा ओठ सुजत असतील, तर ते नखरे समजू नका, डॉक्टरांना दाखवा. तसेच हिरड्यांतून रक्त येणे, सतत थकवा किंवा जखम लवकर न भरणे, असे काही असेल तर टॉनिकवर भागवू नका, तपासणी करा.

बाकी सगळ्यांनी उद्यापासून एवढेच करावे : दोन्ही वेळच्या जेवणात एक भाजी, त्यातली एक पालेभाजी, एक कच्चा पदार्थ आणि लिंबाची फोड. बाटलीच्या पैशात ही भाजी आठवडाभर येते.