जमिनीखालचे बळ

अमेरिकेच्या उत्तर भागात मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तेथील शेते विस्तीर्ण असून वस्त्या एकमेकींपासून दूर दूर असतात. ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडला किंवा कापणीच्या वेळी यंत्राचे पाते मोडले, तर कारागिराची वाट पाहत बसणे शेतकऱ्याला परवडत नाही. म्हणून प्रसंगी तो स्वतःच लोहार होतो, सुतारही होतो. आणि ह्या कामासाठी आपल्या शेतावर एक प्रशस्त कार्यशाळा बांधतो. हिवाळ्यातील बर्फ आणि उन्हाळ्यातील वादळे ह्या दोहोंना तोंड देईल, पण खर्चाने जड जाणार नाही, अशी इमारत त्याला हवी असते. अशा इमारतीचा एक प्रकार तेथे फार रूढ आहे. त्याला 'पोल बार्न' म्हणतात. पोल म्हणजे खांब आणि बार्न म्हणजे शेतावरचे कोठार किंवा गोठा. गुरे आणि वैरण ह्यांच्यासाठी निघालेली ही रचना पुढे कार्यशाळेच्याही उपयोगी पडू लागली.

दगडाविटांचे घर बांधताना प्रथम चर खणून पाया भरतात, पायावर भिंती उभारतात आणि छपराचा भार भिंतींवर टाकतात. पोल बार्नला असा सलग पाया नसतो. लाकडाचे खांब सरळ जमिनीत पुरलेले असतात आणि छपराचा सारा भार तेच वाहतात. भिंत म्हणजे खांबांना बाहेरून लावलेले पत्र्याचे आवरण होय.

ही कल्पना आपल्याला अगदीच अपरिचित नाही. आपल्या खेड्यांतील जुना गोठा पाहावा. जमिनीत मेढी रोवलेल्या, मेढींच्या बेचक्यांत आढे बसवलेले, आढ्यापासून उतरते वासे आणि बाजूंना कुडाच्या भिंती, अशी त्याची रचना असते. पुणे जिल्ह्यात इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून उत्खनन केले. तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जागा सापडल्या. खांबांचे लाकूड केव्हाच नाहीसे झाले होते. परंतु खांब ज्या खळग्यांत उभे होते, ते खळगे मातीत ओळखता येत होते. घरांचा आकार समजण्यास त्यांची मोठी मदत झाली.

अमेरिकेत ह्या जुन्या कल्पनेला नवे रूप मिळाले, ते १९३० नंतरच्या दशकात. तो मोठ्या आर्थिक मंदीचा काळ होता. शेतकऱ्यांजवळ पैसा नव्हता, तरी पीक आणि गुरे ह्यांना निवारा हवाच होता. शेतीव्यवस्थेचे काम करणारे हॉवर्ड डोन आणि बर्नन पर्किन्स ह्या दोघांनी औषध मुरवलेले खांब व धातूचे पत्रे वापरून थोड्या खर्चात टिकाऊ इमारत उभारण्याची पद्धत पुढे आणली.

अशी कार्यशाळा बांधताना पहिले काम आखणीचे. चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून दोरी ताणतात. कोपरा नेमका काटकोनात आहे की नाही, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. कोपऱ्यापासून एका दोरीवर ६ फुटांवर व दुसरीवर ८ फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधील अंतर बरोबर १० फूट भरले, तर कोपरा काटकोनी आहे असे समजावे. आखणीच्या वेळी बोटभर राहिलेली चूक पुढे छपरापर्यंत जाते आणि शेवटचा पत्रा जागेवर बसेनासा होतो.

त्यानंतर खड्डे खणतात. एका ओळीतील दोन खांबांत बहुधा ८ फूट किंवा त्याहून काही अधिक अंतर असते. खड्डा किती खोल घ्यावा, हे तेथील थंडी ठरवते. जमिनीतील पाणी गोठले म्हणजे फुगते. खांबाचा तळ गोठणाऱ्या थरात असेल, तर ते बर्फ दर हिवाळ्यात खांबाला वर ढकलते आणि हळूहळू सारी इमारत वाकडी होते. म्हणून मिनेसोटात खड्डे साडेतीन ते पाच फूट खोल घेतात. तळाशी काँक्रीटची बैठक करतात. त्यामुळे खांबावरचा भार पसरतो आणि खांब खचत नाही. मग ओळंबा लावून खांब उभा करतात, तो हलू नये म्हणून तिरपे टेकू देतात आणि थोडी थोडी माती घालून प्रत्येक थर धुमसाने ठोकतात. खांबांच्या माथ्यावर तुळया, तुळयांवर त्रिकोणी कैच्या, कैच्यांवर व खांबांवर आडव्या पट्ट्या आणि शेवटी पत्रे, ह्या क्रमाने इमारत पुरी होते.

छप्पर जड असते, म्हणून ते खाली कोसळू नये एवढीच काळजी घ्यावी, असे कोणालाही वाटेल. परंतु वादळात धोका नेमका उलट असतो. सोसाट्याच्या वाऱ्यात छत्री कशी वर ओढली जाते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. वारा छपरावरून वेगाने वाहू लागला की वरचा दाब कमी होतो. त्यातच मोठा दरवाजा उघडा असला, तर आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो. अशा वेळी छप्पर कैचीला, कैची तुळईला, तुळई खांबाला आणि खांब जमिनीला घट्ट धरून असावे लागतात. ह्यांतील एक दुवा जरी ढिला असला, तरी सारी साखळी तुटते. म्हणून पुरलेल्या खांबाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे जोडतात किंवा बुडाभोवती काँक्रीटचे कडे ओततात. खांब उपटायचा झाला, तर वाऱ्याला वरची मातीही उचलावी लागते.

दुसरा शत्रू वाऱ्याहून शांत आहे. तो म्हणजे कूज. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा ही दोन्ही लागतात. जमिनीच्या वर खांब बहुतेक वेळ कोरडा असतो. खूप खोलवर ओल असते, पण हवा फारशी पोचत नाही. जमिनीच्या पातळीलगत मात्र दोन्ही मिळतात. म्हणून खांब बहुधा तेथेच प्रथम कुजतो. इटलीतील व्हेनिस शहरातील इमारती चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर कित्येक शतके उभ्या आहेत, त्याचे एक मोठे कारण तेथे खोलवर हवेचा तुटवडा असतो, हेच होय.

खांबाचे कुजण्यापासून रक्षण करण्याची एक प्रभावी रीत आपल्याच देशात शोधली गेली. देहरादून येथील वनसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ सोंटी कामेशम ह्यांनी १९३३ च्या सुमारास तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक ह्यांच्या संयुगांचे एक मिश्रण तयार केले. तांबे बुरशीला रोखते, आर्सेनिक वाळवीला मारते आणि क्रोमियम त्या दोहोंना लाकडात पक्के बसवते. लाकूड बंद टाकीत ठेवून प्रथम त्यातील हवा खेचून घेतात. मग दाबाने औषध आत मुरवतात. पुढे जगभर असंख्य खांब ह्या औषधाने टिकले. मात्र आर्सेनिक हे माणसालाही विषच आहे. म्हणून अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती कामाच्या बहुतेक लाकडासाठी ते वापरणे थांबले. शेतावरच्या खांबांसाठी त्याचा उपयोग चालू राहिला. असे लाकूड कधीही जळणास घेऊ नये, कारण त्याचा धूर आणि राख दोन्ही विषारी असतात.

अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी खड्डे बुजवण्यापूर्वी सरकारी निरीक्षक येऊन ते तपासतो. त्याचे कारण उघड आहे. घाईने एखादा फूट कमी खणला किंवा एक ठोकळा गाळला, तर माती लोटताच ती चूक झाकली जाते आणि पुढे बांधणाऱ्यावाचून कोणालाही ठाऊक राहत नाही. कार्यशाळा पुरी झाली म्हणजे शेजारीपाजारी तिचे रुंद दार पाहतात, चकचकीत पत्र्यांचे कौतुक करतात. खड्ड्याची खोली त्यांतील कोणी विचारत नाही. तो प्रश्न एखाद्या रात्री वारा विचारतो. आणि त्या वेळी उत्तर बदलता येत नाही.