बर्फाने पाडलेले विमान

आपल्या गावात बर्फ पडत नाही. पडल्या तर गारा पडतात आणि त्या आपण वाटीत गोळा करून खातो. म्हणून बर्फाने एवढे मोठे विमान पडते, हे मला आधी खरेच वाटेना.

१३ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनला, खूप बर्फ पडत होता. दुपारी चारच्या सुमारास एअर फ्लोरिडा कंपनीचे बोइंग ७३७ विमान ७९ माणसे घेऊन उडाले. निघण्याआधी त्याच्यावर गरम औषधी पाणी मारून बर्फ काढला होता. पण नंतर पाऊण तासावर वेळ गेला आणि बर्फ पुन्हा साचला.

बर्फाने काय होते? वजन वाढते, असे मीही म्हणालो होतो. पण खरी गोष्ट निराळीच आहे. पंखाची वरची बाजू गुळगुळीत असते. तिच्यावरून वारा सुरळीत सरकतो, म्हणून पंख उचलला जातो. बर्फाचा पातळ खरबरीत थर बसला तरी वारा अडखळतो आणि उचल कमी पडते.

दुसरी गोष्ट याहून वाईट. इंजिनाच्या तोंडाशी हवेचा दाब मोजणारी बारीक नळी असते. फवारणी पंपाचे नोझल कचऱ्याने तुंबते ना, तशी ती बर्फाने तुंबली. त्यामुळे काटा २.०४ दाखवीत होता आणि खरा जोर होता १.७० एवढाच! बर्फ धरू नये म्हणून इंजिन गरम ठेवायची सोय होती, पण तिचे बटण बंद होते. विमान धावत असताना सहवैमानिक काटे पाहून, हे बरोबर नाही, असे पुन्हा पुन्हा म्हणाला. कॅप्टनने विमान थांबवले नाही.

अर्ध्या मिनिटात ते पुलावरच्या गाड्यांना धडकून गोठलेल्या पोटोमॅक नदीत पडले. विमानातले ७४ आणि पुलावरचे ४ जण गेले.

सहा जण शेपटाला धरून पाण्यात होते. हेलिकॉप्टरने दोर सोडला. त्यांच्यातले आर्लंड विल्यम्स हे बँका तपासणारे अधिकारी होते. हातात आलेला दोर त्यांनी दुसऱ्याला दिला. पुन्हा आला, पुन्हा दिला. माझ्या आजीने विचारले, ती माणसे त्याच्या नात्यातली होती का? नाही, आजी. अनोळखी होती. हेलिकॉप्टर त्यांच्यासाठी परत आले, तोवर शेपूट बुडाले होते.

१९८५ मध्ये त्या पुलाला त्यांचे नाव दिले.