आधी केबल बघा, मग गिअरबॉक्स

बेळगावहून रात्रीची बस पकडली की सकाळी बंगळूरच्या अलीकडे, तुमकूर रस्त्यावर पीण्या येतं. मी तिथेच उतरतो. या औद्योगिक क्षेत्रात लेथ, प्रेस आणि पॉलिशिंगच्या असंख्य छोट्या शेडमध्ये माझ्या मामाचं जुन्या गाड्यांचं गॅरेज आहे. गेल्या सुट्टीत तिथे सत्तरच्या दशकातली एक जग्वार एक्सजे 6 आली होती. तक्रार अशी, की पिकअप नाही आणि ओव्हरटेक करताना गाडी खालचा गिअर घेत नाही. दुसऱ्या एका गॅरेजने मालकाला सांगितलं होतं, ‘गिअरबॉक्स संपला, उतरवावा लागेल.’ या गाडीचा गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे मोठा खर्च, आणि सुटे भाग परदेशातून मागवायचे.

या गाडीचा गिअरबॉक्स बोर्ग-वॉर्नरचा, ऑटोमॅटिक. त्यात दोन केबलींचं काम नीट समजून घ्यावं लागतं. पहिली थ्रॉटल केबल. ती पायाखालच्या पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत जाते आणि हवेची झडप उघडते. दुसरी किकडाऊन केबल. ती कार्ब्युरेटरजवळच्या दांड्यापासून गिअरबॉक्सच्या आत जाते. ड्रायव्हरने किती रेस दिली, हे गिअरबॉक्सला या केबलमुळे कळतं. त्यानुसार आतल्या तेलाचा दाब आणि गिअर बदलण्याची वेळ ठरते. पेडल तळापर्यंत दाबलं की ही केबल पूर्ण ओढली जाते आणि गाडी खालचा गिअर घेते. दोन्ही केबली सायकलच्या ब्रेकच्या केबलसारख्याच असतात, म्हणजे बाहेर नळी आणि आत सरकणारी तार. याला बाउडेन केबल म्हणतात. तिचं पेटंट 1896 चं आहे.

किकडाऊन केबल सैल असेल तर गाडी फार लवकर वरचा गिअर घेते. दाब कमी पडल्यामुळे आतल्या क्लच प्लेट घसरतात आणि शेवटी जळतात. केबल जास्त ताणलेली असेल तर गिअर उशिरा आणि झटका देऊन पडतात. म्हणजे चुकीच्या केबलने चांगला गिअरबॉक्ससुद्धा खराब होऊ शकतो.

मामाने मला तपासायला सांगितलं. मला वाटलं, किकडाऊन होत नाही म्हणजे केबल सैल. मी लॉकनट सोडला आणि केबल ताणली. मामाने गाडी एक फेरी मारून आणली. खालचा गिअर तरीही पडला नाही, उलट प्रत्येक गिअरला झटके बसू लागले. मामाने एवढंच विचारलं, “पेडल पूर्ण दाबल्यावर कार्ब्युरेटरवर काय होतं, ते बघितलंस का?” मी बघितलंच नव्हतं. नट सोडण्याआधी त्याच्या जागेवर खूणही केली नव्हती.

मग आम्ही क्रमाने तपासलं.

1. इंजिन बंद, हँडब्रेक वर. एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने बोनेटखाली बघायचं. झडप पूर्ण उघडली पाहिजे आणि पाय काढताच फटकन बंद झाली पाहिजे. ती अडकत असेल तर गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही.

2. झडप अडकत असेल तर थ्रॉटल केबल कार्ब्युरेटरवरून सोडून दांडा हाताने हलवायचा. तो सहज हलला तर दोष केबलमध्ये, जड लागला तर कार्ब्युरेटरच्या जोडांमध्ये.

3. तारेचे धागे तुटलेत का, नळीला तीव्र वळण आहे का, ती एक्झॉस्टजवळ वितळली आहे का, हे बघायचं.

4. गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी आणि रंग बघायचा. तेल काळं आणि करपट वासाचं असेल तर आतल्या प्लेट जळल्याची शंका घ्यायची.

5. हे सगळं ठीक असेल, तरच किकडाऊन केबलला हात लावायचा. इंजिन गरम, आयडलिंग बरोबर. तेव्हा तारेवरची दाबून बसवलेली गोटी आणि नळीचं तोंड यांत ठरावीक अंतर हवं.

आमच्या गाडीत दोष पहिल्याच पायरीवर सापडला. पेडल तळाला टेकलं, तरी झडप पाऊणच उघडत होती. पेडलखाली जाड रबरी मॅट होती, तिच्यावर आणखी एक गालिचा! पेडल त्यावर अडत होतं. म्हणून किकडाऊनचा बिंदू कधी येतच नव्हता. तेल स्वच्छ लाल होतं. आम्ही मॅट काढली आणि मी बिघडवलेलं अंतर पुन्हा बरोबर केलं. मी पंधरा वर्षांचा, त्यामुळे गाडी मामाच चालवत होता. तुमकूर रस्त्यावर त्याने पेडल पूर्ण दाबलं आणि इंजिनचा आवाज चढला. गाडीने खालचा गिअर घेतला होता.

गिअरबॉक्स न उघडता गाडी मालकाकडे गेली. मी मात्र आता कुठलाही नट सोडण्याआधी खडूने खूण करतो.

पालकांना एक विनंती. आजच्या बहुतेक गाड्यांत थ्रॉटलची केबल नसते, सेन्सर असतो. पण मॅट असतेच. सैल किंवा एकावर एक घातलेली मॅट पेडलला पूर्ण खाली जाऊ देत नाही, आणि कधी कधी दाबलेलं पेडल वर येऊ देत नाही. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. आज गाडीत बसण्याआधी तेवढं बघा.